ओकचा क्रूस, वर सूर्य, खाली चंद्र

युरोपात सगळ्यात शेवटी ख्रिस्ती झालेल्या देशांत लिथुआनियाचा नंबर लागतो. साल १३८७. तोवर तिथे मेघगर्जनेचा देव पेर्कूनास पुजला जायचा आणि ओक हे त्याचं झाड. पुढे क्रूस कोरायला लाकूड कोणतं निवडलं? ओकच! देव बदलला, झाड तेच राहिलं.

आपल्याकडे वसईत किंवा गोव्यात वाटेवरचा क्रूस बहुधा दगडी किंवा चुन्याचा पांढरा. लिथुआनियात मात्र लाकडाचा थाट. साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत उंची, डोक्यावर बऱ्याचदा इवलंसं छप्पर, अंगभर फुलं-पानं नि भौमितिक नक्षी. आडव्या-उभ्या दांड्या जिथे भेटतात तिथून चहूबाजूंनी किरण फुटलेले असतात. पाद्रीबाबा सांगतील, ही ख्रिस्ताची प्रभा. जुन्या माणसांना त्यात सूर्य दिसायचा. काही क्रुसांच्या लोखंडी शेंड्यांवर पायथ्याशी चंद्रकोरही असते आणि कुठे कुठे साप. दोन्ही धर्म एकाच खांबावर सुखाने नांदतात, कोणाची तक्रार नाही.

आता बारीक बघा. शिडी, भाला, खिळे, पकड, कोंबडा. सुताराचं सामान नाही हे, येशूच्या छळाची कहाणी आहे. कोंबडा आरवायच्या आत पेत्राने आपल्या गुरूला तीनदा नाकारलं होतं, म्हणून तो तिथे. पायाशी कवटी दिसली तर दचकू नका. क्रूस उभारला ती जागा गोलगोथा, म्हणजे कवटीची जागा, आणि तिथेच आदाम पुरला होता अशी जुनी समजूत. वरच्या पाटीवरची चार लॅटिन अक्षरं म्हणजे ‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’.

सगळ्यात देखणा मात्र गालाला हात लावून बसलेला येशू. डोक्यावर काट्यांचा मुकुट, पण चेहरा असा की पाऊस लांबल्यावर बांधावर टेकलेला शेतकरीच. लिथुआनियन माणसाचा हा अगदी लाडका देव.

कारागीर म्हणाल तर विन्त्सास स्विर्स्किस (१८३५–१९१६). घर ना दार. या शेतावरून त्या शेतावर फिरायचं, मुक्काम टाकायचा, क्रूस कोरायचा, पुढे निघायचं. वेगळ्या मूर्ती करून ठोकणं त्याला मंजूर नव्हतं. ओकचा एकच बुंधा घेऊन क्रूस, संत, येशू सगळं त्यातूनच बाहेर काढायचा. रशियन राजवटीविरुद्धच्या १८६३ च्या उठावानंतर झारच्या सरकारने वाटेवर क्रूस उभारायला बंदी घातली होती आणि ती थेट १८९६ ला उठली. म्हणजे गड्याची उमेदीची वर्षं बेकायदा कोरण्यात गेली.

पुढे आलेलं सोव्हिएत सरकार त्याहून खमकं. शाउल्याय शहराजवळच्या ‘क्रुसांच्या टेकडी’वर १९६१ साली बुलडोझर फिरला. लाकडी क्रूस जाळले, लोखंडी भंगारात, दगडी पुरले. लोकांनी काय केलं? रात्री येऊन नवे रोवले. पुन्हा बुलडोझर, पुन्हा नवे क्रूस. हा खेळ बरीच वर्षं चालला. आज तिथे लाखाच्या वर क्रूस आहेत. १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे जाऊन प्रार्थना करून आले. २००१ मध्ये युनेस्कोनेही या कोरीवकामाला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

तरी पाऊस, बर्फ, कीड कोणाला सोडत नाही. उघड्यावरचा लाकडी क्रूस कधी ना कधी कुजतोच. मग त्याच जागी नवा उभा करायचा, पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घ्यायचा. कोरणाऱ्याला पुन्हा काम.