ग्लूटेनच्या मागावर (१४) : तेलाच्या बाटलीत गहू?

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर लांबवण्यासारखं नाही. त्यांच्या लेकीला सिलिॲक, म्हणजे ग्लूटेननं आतडं बिघडण्याचा आजार आहे. पोळी, पाव, बिस्किटं वर्षभर बंद आहेत, तरी अधूनमधून पोट दुखतं आणि झोप लागत नाही. मैत्रिणीनं सीबीडी तेल सुचवलं. तिकडे ते दुकानात सहज मिळतं आणि बाटलीवर ‘ग्लूटेन-फ्री’ असं छापलेलंही आहे. ताई विचारतात, ‘भांगेच्या झाडापासून काढतात म्हणे. त्यात गहू कुठून येणार? द्यावं का?’

झाडातून गहू येणार नाही, हे ताईंचं म्हणणं बरोबर. गहू, जव आणि राय ही धान्यं गवताच्या कुळातली. भांग त्या कुळातली नाही. तिचं जवळचं नातं हॉप्सशी, ज्यानं बिअरला कडवटपणा येतो. सिलिॲकच्या रुग्णाला बिअर वर्ज्य असते ती जवामुळे, हॉप्सचा त्यात काही दोष नाही. शिवाय कॅनाबिडिऑल, म्हणजेच सीबीडी, हे प्रथिन नव्हे. तेलात विरघळणारा तो एक छोटा रेणू आहे. रॉजर ॲडम्स यांनी १९४० साली इलिनॉयमध्ये तो वेगळा काढला आणि राफाएल मेशुलम यांनी १९६३ मध्ये इस्राएलमध्ये त्याची रचना उलगडली. ग्लूटेन हे प्रथिन आहे आणि ते तेलात विरघळत नाही.

ते अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं, निदान त्याचा निम्मा भाग तरी. नेमक्या याच गोष्टीनं मला कित्येक वर्षं झपाटलंय, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. थॉमस ऑस्बर्न या अमेरिकन रसायनज्ञानं १९०७ मध्ये गव्हाच्या प्रथिनांवर पुस्तक लिहिलं आणि कोणतं प्रथिन कशात विरघळतं यावरून त्यांची विभागणी केली. सत्तर टक्क्यांच्या आसपासच्या अल्कोहोलमध्ये उतरतं ते ग्लायडिन. सिलिॲकमध्ये आतड्याचा सगळ्यात मोठा वैरी तेच. सीबीडी काढायची एक रीत अल्कोहोलचीच आहे. ज्या शेतात आधी गहू होता तिथे हेम्प, म्हणजे सीबीडीसाठीची भांग, लावलं, कापणीचं यंत्रही तेच वापरलं आणि गव्हाचे कण मालात आले, तर? धोका कल्पनेतला नाही, पण फार छोटा आहे. या कामासाठी बहुधा जवळजवळ निर्जळ अल्कोहोल घेतात, तेही थंडगार करून, आणि पाणी नसलं की ग्लायडिन फारसं उतरत नाही. दुसरी रीत दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची. तिथे प्रथिन जवळपास येतच नाही. पुढे हा अर्क तेलात मिसळतात. बहुतेक वेळा ते नारळापासून काढलेलं एमसीटी तेल असतं, कधी तिळाचं, कधी ऑलिव्हचं. गव्हांकुराचं तेल दिसलं तर बाटली खाली ठेवा.

आता हिशेब करू. ‘ग्लूटेन-फ्री’ची मर्यादा अमेरिकेत आणि आपल्याकडेही एकच : किलोमागे २० मिलिग्रॅम. बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बाधत नाही, असं मानलं जातं. तेलात मर्यादेइतकं ग्लूटेन असलं तरी १० मिलिग्रॅम भरायला अर्धा किलो तेल प्यावं लागेल. ड्रॉपरभर तेल जेमतेम एक ग्रॅम असतं. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं, हे शेजारी ठेवून पाहा. सीबीडी घातलेल्या गमी आणि कुकीची गोष्ट वेगळी. गमीत जवाचं माल्ट असू शकतं आणि कुकीत सरळ मैदा. ते घटक वाचल्याशिवाय घेऊच नयेत.

बाटलीवरच्या त्या दोन शब्दांवर मात्र माझा भरवसा कमी आहे. एफडीए या अमेरिकेच्या अन्न-औषध नियामकाचा ग्लूटेन-फ्री नियम अन्नासाठी आणि पूरक आहारासाठी आहे. सीबीडी या दोन्हींत विकता येत नाही, असं एफडीएच म्हणते, तरी ते सर्रास विकलं जातं. म्हणजे त्या छापील दाव्याची तपासणी कोणी केली, हा प्रश्न उरतोच. २०१७ मध्ये ऑनलाइन विकली जाणारी ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तर लेबलाशी जुळणारं सीबीडीचं प्रमाण फक्त २६ मध्ये सापडलं. १८ मध्ये नशा आणणारं टीएचसी निघालं. कंपन्या प्रत्येक घाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल देतात. त्यात सीबीडी, कीटकनाशकं, जड धातू असतात, ग्लूटेन सहसा नसतं. म्हणून कंपनीला लिहून विचारा : ग्लूटेनची तपासणी झाली का आणि कोणत्या पद्धतीनं? उत्तरात ‘आर-५ एलायझा’ हे ग्लूटेन मोजायच्या चाचणीचं नाव आलं तर समोरच्या माणसाला आपण काय विचारलं ते कळलंय.

पण ताई, माझी खरी काळजी ग्लूटेनची नाहीच. सीबीडीचं एक औषध एफडीएनं जून २०१८ मध्ये अपस्माराच्या दोन दुर्मीळ प्रकारांसाठी मंजूर केलं. त्याच्या नोंदलेल्या दुष्परिणामांत जुलाब आहेत, भूक मंदावणं आहे, पेंग आहे आणि यकृताची एन्झाइम्स वाढणं आहे. सिलिॲक बळावतो तेव्हाही जुलाब होतात, भूक जाते, थकवा येतो आणि यकृताची एन्झाइम्स वाढलेली सापडतात. त्यात एमसीटी तेलानंही काहींचं पोट बिघडतं. उद्या लेकीला जुलाब झाले तर ते गव्हाचे की तेलाचे, हे कसं ओळखणार? औषधातला डोस दुकानातल्या थेंबांपेक्षा पुष्कळ मोठा असतो, हे खरं. पण ब्रिटनच्या अन्न नियामकानं २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठीसुद्धा दिवसाचा सल्ला ७० मिलिग्रॅमवरून १० वर आणला, तेव्हा थेंबांनाही हलकं समजू नये.

उलटा प्रकार मला जास्त भयंकर वाटतो. तेलानं पोट शांत वाटलं, म्हणून एखाद्या लग्नात अर्धी पुरी खाल्ली आणि काही झालं नाही. बाहेरून काही जाणवत नसताना आत आतड्याचे रसांकुर झिजत राहतात. सीबीडीनं सिलिॲक बरा होत नाही आणि गहू पचवायची सोयही होत नाही.

वर्षभर पथ्य पाळूनही पोट दुखत असेल तर आधी सिलिॲकसाठीची टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी पुन्हा करून घ्या आणि लेकीच्या ताटात काय काय येतं ते आहारतज्ज्ञांसमोर बसून एकेक घटक धरून तपासा. नकळत पोटात जाणारं ग्लूटेन हे पथ्य फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. ते नसेल तर दुधातली साखर न पचणं, आतड्याची दुसरी एखादी सूज, अशी कारणं डॉक्टर शोधतील. लेक रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा फिट्सचं औषध घेत असेल, तर डॉक्टरांना न विचारता सीबीडीचा एक थेंबही नको. त्या औषधांचं रक्तातलं प्रमाण त्यानं वाढू शकतं. आणि ती सुट्टीत इकडे येणार असेल तर बाटली तिकडेच राहू द्या. भांगेच्या शेंड्यांपासून काढलेल्या मालावर आपल्याकडे १९८५ चा अमली पदार्थ कायदा लागू होतो.