निवड आणि कुंपण

देवाने तारणासाठी काहींनाच निवडले आहे, किंवा राज्यावर हक्क अमुक एका समाजाचाच, असे मानणे म्हणजे विशिष्टतावाद. धर्मशास्त्रात त्याची ठळक मांडणी डॉर्ट या डच शहरातल्या धर्मसभेने १६१८-१९ मध्ये केली: ख्रिस्ताचे बलिदान साऱ्या जगाला पुरेल एवढे आहे, पण त्याचे फळ निवडलेल्यांच्याच पदरात पडते. अशी श्रद्धा बाळगणारा माणूस परक्यांना दार लावून घेणार, हे आपण गृहीतच धरतो. ते मला पटत नाही. विल्यम कॅरी याच मताच्या बॅप्टिस्ट पंथातला, पूर्वी जोडे शिवणारा. देवाने निवड केलीच आहे, मग माणसाने धडपड कशाला, असे त्या पंथात अनेकांना वाटे. उपाय करणे हे माणसाचे कर्तव्यच आहे, असे कॅरीने १७९२ च्या पुस्तिकेत ठासून मांडले आणि पुढच्याच वर्षी तो बंगालला आला. निवडलेला कोण हे माणसाला कळत नाही, तेव्हा प्रत्येकाच्या भाषेत बोलणे भागच होते. पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीने त्याने मराठी शिकून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश छापला. हेतू धर्मांतराचा होता, हे झाकण्यात अर्थ नाही. पण त्या संकुचित वाटणाऱ्या सिद्धान्तानेच त्याला परक्या भाषेच्या प्रत्ययांशी झटायला लावले.

यावर कोणी दक्षिण आफ्रिकेचा दाखला देईल, आणि तो टाळता येणार नाही. डॉर्टचीच शिकवण मानणाऱ्या केपमधील डच चर्चच्या सभेने १८५७ मध्ये ठराव केला: कृष्णवर्णीय ख्रिस्ती गोऱ्यांसोबत एकाच मंडळीत असावेत हेच शास्त्राला धरून आहे, पण ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ त्यांची उपासना वेगळी ठेवता येईल. सवलत म्हणून आलेली ही फट पुढे वेगळी चर्चेस होण्याइतकी रुंदावली, आणि १९४८ नंतर वर्णभेदाच्या राजवटीला चर्चकडून धर्माचा आधार मिळाला. मात्र ठराव नीट वाचला तर दिसते की शास्त्र एकत्र बसा म्हणत होते. वेगळे बसवले ते गोऱ्यांच्या सोयीने. सिद्धान्त निर्दोष ठरतो असे मी म्हणत नाही. आपण निवडलेले आहोत, हे सत्ताधाऱ्यालाच ठरवू दिले की तो सिद्धान्त घातक होतो. म्हणूनच वेगळ्या काढलेल्या त्या चर्चेसपैकी मिशन चर्चने १९८२ मध्ये मांडलेला आणि १९८६ मध्ये स्वीकारलेला बेलहार जाहीरनामा मला मोलाचा वाटतो. देवाला सगळे सारखेच, एवढ्यावर तो थांबत नाही. देव विशेषकरून दरिद्री, निराधार आणि अन्याय झालेल्यांचा आहे, असे तो म्हणतो.