ग्रॅहमच्या संख्येचं शेपूट

आज सोमवार असेल, तर ग्रॅहमच्या संख्येइतके दिवस उलटल्यावर कोणता वार असेल? रविवार. हे उत्तर कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत निघतं. ती संख्या मात्र कुठल्याच कागदावर मावणारी नाही. भौतिकशास्त्राला ठाऊक असलेली इवल्यात इवली जागा एकेका अंकाला दिली, तरी दिसणारं अख्खं विश्व अपुरं पडेल.

सुरुवात साधी आहे. ३ चा तिसरा घात २७. ३ चा सत्ताविसावा घात ७६,२५,५९,७४,८४,९८७, म्हणजे साडेसात लाख कोटींच्या वर. इथवर आपण तीन तिनांची चळत रचली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तला परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं, अजून लांब आहे. पण चौथा तीन ठेवला की ३ लाख ६३ हजार कोटींहून जास्त अंकांची संख्या तयार होते आणि परार्ध कुठल्या कुठे मागे पडतो.

आता चारऐवजी साडेसात लाख कोटींहून जास्त तिनांची चळत रचा. तिची जी किंमत येईल, तेवढ्या वेळा हाच उद्योग करायचा: दर वेळी आधीच्या उत्तराइतकी उंच नवी चळत. डोनाल्ड क्नूथ यांच्या बाणांच्या लेखनात हे सगळं दोन तिनांमध्ये चार बाण काढून भागतं. ही झाली फक्त पहिली पायरी. दुसऱ्या पायरीत बाणांची संख्याच पहिल्या पायरीच्या उत्तराइतकी. अशा चौसष्टाव्या पायरीवर ग्रॅहमची संख्या बसली आहे.

तरीही तिच्याबद्दल बरंच काही ठामपणे सांगता येतं, कारण कितीही फुगली तरी ती ३ चा घातच आहे. ३ चे घात ओळीने घेऊन ७ ने भागा. बाकी ३, २, ६, ४, ५, १ अशी येते आणि मग तेच चक्र पुन्हा. इथे घातांक स्वतः ३ चा घात आहे, म्हणून विषम आणि ३ ने भाग जाणारा; बाकी ६ च उरणार. सोमवारनंतर सहा दिवसांनी रविवार.

एकक स्थानाचंही तसंच. ३ च्या घातांचे शेवटचे अंक ३, ९, ७, १ असे फिरतात आणि आपला घातांक ४ ने भागल्यावर ३ उरतात, म्हणून शेवटी ७. त्या ७ वरून दशक स्थानही हाती येतं: ३ चा सातवा घात २१८७, म्हणून शेवटचे दोन अंक ८७. पुढे ३ च्या सत्त्याऐंशीव्या घातावरून ३८७. असं मागे मागे सरकत शेवटचे बारा अंक मिळतात: २६२४६४१९५३८७. संख्या पूर्ण घन आहे, आणि शेवटी ७ असल्यामुळे पूर्ण वर्ग मुळीच नाही.

डोकं मात्र कुणालाच ठाऊक नाही. पहिला अंक काढायच्या नेहमीच्या रीतीत ३ चा लॉगॅरिदम इतक्या दशांश स्थळांपर्यंत लागतो की तो लिहायलाही विश्व पुरत नाही. गंमत अशी, की हीच संख्या फक्त ०, १, २ हे अंक वापरून तीनच्या पायात लिहिली, तर सगळं गूढ संपतं: एकावर शून्यंच शून्यं. अज्ञान संख्येत कमी आणि आपल्या दहा बोटांत जास्त आहे, असं माझं मत.

रोनाल्ड ग्रॅहम हे अमेरिकी गणिती, आणि पट्टीचे जगलरही. १९७७ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये ही संख्या लोकांसमोर आणली. मूळ प्रश्न रंगांचा होता. घनाचा प्रत्येक कोपरा दुसऱ्या प्रत्येक कोपऱ्याशी रेषेने जोडायचा आणि रेषा लाल किंवा निळ्या रंगवायच्या. एकाच प्रतलातल्या चार कोपऱ्यांमधल्या सहाही रेषा एकरंगी होणं टाळता येईल का? तीन मितींत येतं. मिती वाढवत गेलं की कधीतरी येईनासं होतं, आणि ग्रॅहमच्या संख्येइतक्या मितींत तर नक्कीच येत नाही. पुढे ही वरची मर्यादा खाली आली, पण अजूनही ती अवाढव्यच आहे. खालून सरकणारे गणिती आजवर १३ पर्यंत पोचलेत. खरं उत्तर कदाचित १३ च असेल.