नाडीवाचूनची साक्ष

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर तळहातांनी लयबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिची शास्त्रशुद्ध मांडणी कूवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर या त्रयीने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथून १९६० साली केली. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, असा आजचा दंडक आहे. परंतु तो काटेकोर पाळला तरी निरोगी हृदय जेवढे रक्त खेळविते त्याच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्त सहसा खेळत नाही, आणि त्यातून मेंदूच्या पदरात किती प्राणवायू पडतो हे दाब देणाऱ्याच्या हातांना कळत नाही.

हा हिशेब पल्स ऑक्सिमीटरने का करू नये, असे कोणीही विचारील. कारण करोनाच्या साथीत ते चिमट्यासारखे उपकरण आपल्याकडे घरोघर बोटावर चढले. जपानच्या निहोन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या युक्तीत तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून पाठवितात, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर कमीजास्त होणारा तेवढाच भाग धमनीच्या रक्ताचा मानून उरलेला वगळतात. ज्या ठोक्यावर या यंत्राची सारी भिस्त, तोच हृदय थांबल्यावर नाहीसा होतो. आणि छातीवरच्या दाबाने बोटापर्यंत पोचणारी क्षीण, हिसके खाणारी लाट त्याला भरवशाचा आकडा देऊ शकत नाही.

म्हणून येथे निराळ्या साक्षीदाराची आवश्यकता भासली. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ साली दाखवून दिले की, अवरक्ताच्या नजीकचा प्रकाश कातडी आणि कवटी भेदून मेंदूपर्यंत जातो आणि परत येताना तेथील प्राणवायूची खबर आणतो. त्यातून पुढे सिद्ध झालेल्या सेरेब्रल ऑक्सिमीटरची चिकटपट्टी कपाळावर, भुवईच्या वर, लावतात. तिच्यात एक प्रकाशस्रोत आणि कमी-अधिक अंतरावर दोन ग्राहक असतात. जवळचा कातडी व हाड यांची जबानी नोंदवितो, लांबचा खोलवरचीही नोंदवितो, आणि दुसरीतून पहिली वजा केली की मेंदूच्या वरच्या थराची कैफियत हाती उरते. यंत्र नाडीची वाट पाहत नाही. तेथील धमन्या, शिरा आणि केशवाहिन्या यांतील एकंदर रक्त ते जमेस धरते, आणि त्या रक्तात शिरांचा वाटा मोठा असल्यामुळे निरोगी माणसातही त्याचा आकडा सामान्यतः ६० ते ८० टक्क्यांच्या आसपासच राहतो.

रुग्णशय्येपाशी याचा उपयोग कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. दाब देणारा थकू लागला, दाब उथळ पडू लागले, की पडद्यावरचा आकडा उतरणीला लागू शकतो. ताज्या दमाचा माणूस त्याच्या जागी आला की तो पुन्हा चढू शकतो. निरनिराळ्या अभ्यासांत असे आढळले आहे की, ज्यांचे हृदय पुन्हा चालू झाले त्यांचे आकडे इतरांहून सरासरीने चढे होते. श्वासनळीतील नळीला जोडलेला कॅप्नोग्राफ उच्छ्वासातील कर्बद्विप्राणिलाच्या एकाएकी झालेल्या वाढीवरून हृदय परतल्याची वार्ता देतो. परंतु तोही मेंदूविषयी थेट काही सांगत नाही.

तथापि या साक्षीदाराच्या जबानीची उलटतपासणी केल्याखेरीज तिच्यावर निवाडा देता येत नाही. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; टाळूचे रक्त आणि कातडीचा वर्ण त्यांत ढवळाढवळ करतात; आणि मृतदेहांवर हे यंत्र लावून पाहिले असता काहींच्या बाबतीत त्याने जिवंत माणसाला शोभेल असा आकडा दाखविला, कारण ज्या मेंदूने प्राणवायूचा खर्चच थांबविला आहे त्याच्या रक्तात शिल्लक उरणारच. एकच आकडा पाहून प्रयत्न सोडून देण्याची मुभा म्हणूनच कोणी देत नाही.

हृदय परतल्यावर कारभार पुन्हा बोटावरच्या यंत्राकडे जातो. पुनरुज्जीवन चालू असताना शक्य तेवढा प्राणवायू द्यावा. मात्र नाडी स्थिर झाली आणि आकडा विश्वासार्ह झाला की युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे ९४ ते ९८ टक्क्यांची मर्यादा घालतात, कारण टंचाईइतकाच अतिरेकही मेंदूला बाधक ठरू शकतो. ऑस्ट्रेलियातील, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने मात्र घाईलाही लगाम घातला: रुग्णालयाच्या वाटेवरच प्राणवायू घटवून ९० ते ९४ वर आणलेले रुग्ण अधिक वाचले नाहीत, उलट कमीच वाचले. आकडा कोणत्या घटकेला मागावा आणि त्यावर किती विसंबावे, हे ठरविणे अद्यापि वैद्याच्याच अखत्यारीतले काम आहे, आणि यंत्रांची संख्या वाढली म्हणून ते हलके झालेले नाही.