ऊन पडलं की नदी चढते!

आपल्या मुसीला पाणी येतं ते पाऊस पडल्यावर. हिमालयात मात्र नदी उन्हानंही चढते. सुट्टीत मनालीला निघालेल्या प्रत्येक मित्राला मी हे आवर्जून सांगतो.

मनाली साधारण 2,050 मीटर उंचीवर आहे आणि जवळचं देव टिब्बा शिखर 6,001 मीटर. वरचा बर्फ उन्हाळ्यात वितळून बियास नदीत उतरतो. रात्रीच्या गारठ्यात वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे ओढ्यांना पाणी कमी असतं. दुपारी ऊन तापलं की तेच ओढे फुगतात. हामटा खिंडीच्या ट्रेकवर वाटाडे सकाळी लवकर ओढा ओलांडायची घाई करतात, ती याचसाठी.

नदीवर धरण असेल तर धोका आणखी वाढतो. 8 जून 2014 रोजी मंडी जिल्ह्यात थलोटजवळ आपल्या हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी बियासच्या पात्रात उतरले होते. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि 24 विद्यार्थी वाहून गेले.

म्हणून फोटो काठावरूनच काढा. राफ्टिंग जरूर करा, पण लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालूनच. हिमाचलमध्ये 15 जुलै ते 15 सप्टेंबर राफ्टिंगला बंदी असते. त्या काळात कुणी स्वस्तात नेतो म्हणालं, तरी जाऊ नका. पात्रात उतरायचा मोह झालाच, तर आधी एखाद्या गावकऱ्याला विचारा. तो नको म्हणाला, तर वाद न घालता मागे फिरा.