नराच्या रक्तात मादीचे प्रथिन

गैरसमज: मासे मरून वर तरंगले, तरच नदी बिघडली.

वस्तुस्थिती: हॉर्मोनमध्ये ढवळाढवळ करणारी रसायने सहसा मासे मारत नाहीत. मासे पोहतात, खातात, जाळ्यातही येतात. बिघाड दिसतो तो रक्तात. मादीच्या शरीरात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढले की यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन तयार करते आणि त्यातूनच गाभोळीतल्या अंड्यांचे पोषण होते. नराच्या यकृतातही हे जनुक असते, पण एरवी जवळजवळ निद्रिस्त. म्हणून नराच्या रक्तात हे प्रथिन भरपूर सापडले, तर पाण्यात इस्ट्रोजेनसारखे काहीतरी आहे, हे पक्के समजावे. ब्रिटनमध्ये सांडपाणी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात ट्राउट मासे पिंजऱ्यात ठेवले, तेव्हा अवघ्या तीन आठवड्यांत हे प्रथिन ठिकाणानुसार ५०० ते १,००,००० पट वाढले. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले.

गैरसमज: सगळा दोष गर्भनिरोधक गोळ्यांचा.

हा आरोप लोकप्रिय आहे, कारण सोयीचा आहे. गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन प्रबळ असते, हे खरेच. पण माणसाच्या लघवीतून नैसर्गिक इस्ट्रोजेनही सांडपाण्यात जाते, आणि काही कारखान्यांच्या डिटर्जंटमधून इस्ट्रोजेनसारखे वागणारे नोनिलफिनॉल. यांतला नेमका गुन्हेगार व्हायटेलोजेनिन सांगत नाही. त्यासाठी पाण्याचे रासायनिक विश्लेषण करावेच लागते.

गैरसमज: असा मासा खाल्ला की पुरुषांवरही तोच परिणाम.

व्हायटेलोजेनिन हे प्रथिन आहे, ते पोटात पचते. तळलेली गाभोळी आपण आवडीने खातोच. मांसात रसायने साठली आहेत का, हा प्रश्न वेगळा आणि त्याची तपासणीही वेगळी.

गैरसमज: एवढ्याशा रसायनाने काय होणार?

कॅनडातल्या ओंटारिओमधील एका प्रायोगिक तलावात २००१ ते २००३ दरम्यान गोळीतले इस्ट्रोजेन मुद्दाम मिसळले, लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. म्हणजे २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक जलतरण तलावात १२ ते १५ मिलिग्रॅम! आधी नरांच्या शरीरात व्हायटेलोजेनिन वाढले, मग वृषणांची वाढ बिघडली, आणि शेवटी फॅटहेड मिन्नो हे छोटे मासे तलावातून जवळजवळ नाहीसे झाले. रसायन मिसळणे थांबवल्यावर काही वर्षांत त्यांची संख्या पुन्हा सावरली.