सामनच्या पिलाचें रक्त काय सांगतें?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कोहो नांवाचा सामन जातीचा मासा आढळतो. त्याचा जन्म नदीच्या गोड्या पाण्यांत. दीडएक वर्षानें, वसंत ऋतूंत, वीतभरही न भरणारें पिलूं समुद्रांत उतरतें. आणि जगलें तर बहुधा दुसऱ्या वर्षाच्या शरदांत, पूर्ण वाढून, अंडीं घालण्यासाठीं आपल्या जन्मनदीकडे वळतें. बहुतेक पिलें परततच नाहींत.

किती परततील, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. न्यायमूर्ति जॉर्ज बोल्ट यांच्या १९७४ च्या निकालानें वॉशिंग्टन राज्यांतील करारबद्ध आदिवासी जमातींना पकडण्याजोग्या सामनपैकीं निम्म्या वाट्याचा हक्क मिळाला. वाटणी करावयाची तर मूळ ठेव किती, हें आधीं कळावयास हवें.

बीमिश आणि मानकेन या शास्त्रज्ञांनीं २००१ मध्यें असें मत मांडलें कीं, समुद्रांत उतरतांच बरींच पिलें शिकारी प्राण्यांच्या मुखीं पडतात; आणि उरलेल्यांपैकीं ज्यांची वाढ उन्हाळा संपेपर्यंत पुरेशी होत नाहीं, तीं पुढच्या हिवाळ्यांत टिकत नाहींत. तसें असेल तर पहिल्या उन्हाळ्यांतील वाढ हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो.

पण ही वाढ मोजावी कशी? शाळेंत मुलांची उंची दर सहामाहीस घेतां येते, कारण तींच मुलें पुन्हां वर्गांत सांपडतात. समुद्रांतला मासा जाळ्यांत एकदांच येतो. त्याची लांबी मोजली तर ती जन्मापासूनची जमा झाली. पेढीच्या पुस्तकांतील शिल्लक पाहून गृहस्थाची चालू महिन्याची मिळकत थोडीच कळते?

या अडचणींत रक्त उपयोगी पडतें. मेंदूच्या तळाशीं असलेली एक ग्रंथि वाढीचें संप्रेरक रक्तांत सोडते. तें यकृतास पोंचलें म्हणजे यकृत दुसरें संप्रेरक तयार करतें. त्यास आय. जी. एफ.-१ म्हणतात, हाडें, कूर्चा, स्नायु यांना वाढण्याची आज्ञा तें पोंचवितें. अशा मध्यस्थाचा सुगावा १९५७ मध्यें अमेरिकेंत उंदरांवरील प्रयोगांत लागला. मौज अशी कीं, तो लावणाऱ्या दोघांपैकीं एकाचें आडनांवच सामन होतें!

आतां कोणी विचारील, मूळ वाढीचें संप्रेरकच कां मोजूं नये? येथेंच खरी गंमत आहे. मासा उपाशी राहिला कीं त्याच्या रक्तांत तें संप्रेरक कमी होण्याऐवजीं वाढतें. हुकूम सुटत राहतात, पण कोठारांत दाणा नसल्यामुळें यकृत ते मानीत नाहीं, आणि आय. जी. एफ.-१ खालीं येतें. धन्याचा आवाज ऐकून घरची सुबत्ता कळत नाहीं. कोठावळ्यानें काय काढून दिलें तें पाहावें लागतें.

सिअॅटल येथील सरकारी मत्स्यविज्ञान केंद्रांत ब्रायन बेकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं टाक्यांत कोहो वाढविले, कांहींना अधिक, कांहींना कमी अन्न दिलें, प्रत्येकाची वाढ मोजली, आणि ती रक्तांतील आय. जी. एफ.-१ शीं ताडून पाहिली. दोहोंचा मेळ बसला. मग हीच कसोटी समुद्रांतील पिलांस लावण्यांत आली. जहाजावर पिलाच्या शेपटीजवळील रक्तवाहिनींतून थोडें रक्त घेतात, यंत्रांत फिरवून त्यांतील पातळ द्रव निराळा करतात व तो गोठवून प्रयोगशाळेंत नेतात. तेथें जें मोजावयाचें, तें ग्रॅमच्या अब्जांश भागांच्या हिशेबानें. त्या आंकड्यावरून मागल्या कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत, पिलूं कसें वाढत होतें तें कळतें. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्याविषयीं २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत याच रीतीनें निरनिराळे जलपट्टे व निरनिराळीं वर्षें यांची तुलना केलेली आहे. नदीच्या मुखाशीं परतलेले मासे मोजून इतकेंच कळतें कीं, ते कमी आले. अन्न कोठें कमी पडलें, तें रक्त वर्षभर आधीं सुचवितें.

मात्र हा आंकडा म्हणजे भविष्य सांगणारा जोशी नव्हे. जाळ्यांत येतें तें जगलेलें पिलूं. मेलेल्यांची साक्ष कोण काढणार? पाण्याचें उष्णमान आणि माशाचा आकार यांचाही त्यावर परिणाम होतो. शिवाय अकालीं वयांत येणाऱ्या नरांच्या रक्तांत आय. जी. एफ.-१ एरवींपेक्षां अधिक असतें, म्हणून असे नर वेगळे काढूनच हिशेब मांडावा लागतो.